परतीच्या वेळेपासून सुरुवात

डोंगरात जायचं मनात आलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कुठला गड करू?" उत्तरांना तोटा नसतो. ऑफिसातला सहकारी कळसूबाई सुचवतो, कारण ते महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. एकदा जाऊन आलं की सांगायला बरं. कॉलेजातला भाचा हरिहरचं नाव घेतो, कारण तिथल्या उभ्या कातळपायऱ्यांचे फोटो त्याने मोबाइलवर पाहिलेले असतात. शेजारचे काका रायगड म्हणतात आणि तिथे रोपवे आहे हेही लगेच सांगून टाकतात. घरी परत किती वाजता यायचंय, हे मात्र कुणीच विचारत नाही. ही पुस्तिका त्या प्रश्नाला धरून लिहिली आहे. नवख्याने गड नावावरून निवडू नये, परतीवरून निवडावा, एवढंच तिचं म्हणणं. ते अमलात कसं आणायचं, हे पुढच्या प्रकरणांत आहे.

पुस्तिका लिहिली ती चारकोपला राहून, आणि डोळ्यांसमोरचा वाचकही चारकोप, गोराई, मालवणी, कांदिवली, बोरिवली या पट्ट्यातलाच आहे. नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी, डॉक्टरांनी "आता चालायला लागा" म्हणून बजावलेले गृहस्थ, मुलं मोठी झाल्यावर कुठे स्वतःचा रविवार हाती आलेल्या ताई. आपला मुलूख सगळा सपाट. पश्चिमेला खारफुटी आणि खाडी, मध्ये सेक्टरांची चौकट. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने इथे छोटे छोटे भूखंड आखून दिले, रस्ता, पाणी, गटार पुरवलं, आणि घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं ठरलं. आधी एक खोली, मग पोटमाळा, मग वरचा मजला, अशी इथली कितीतरी घरं वाढली. डोंगरातलं चालणंही असंच वाढवावं. पाया न घालता थेट वरचा मजला बांधायला निघालेली माणसं दर पावसाळ्यात बातम्यांत दिसतात.

मुंबईकरांना हा नाद नवा नाही. 'गिरिविहार' ही मुंबईतली जुनी गिर्यारोहण संस्था १९५४ सालची, म्हणजे एव्हरेस्टवर पहिल्यांदा माणूस पोचला त्याच्या पुढच्याच वर्षीची. गो. नी. दांडेकरांनी गडकिल्ल्यांवर लिहिलेलं वाचून घराबाहेर पडलेल्या दोन पिढ्या तरी महाराष्ट्रात आहेत. शनिवारी ऑफिस सुटलं की सॅक पाठीवर टाकायची, रात्रीची शेवटची कसारा किंवा कर्जत लोकल पकडायची, फलाटावरच तीन-चार तास डुलकी काढायची आणि पहाटेच्या पहिल्या एसटीने पायथा गाठायचा, हा गिरगाव, दादर, मुलुंड, डोंबिवलीच्या पोरांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मुलुंडला भरणारं गिरिमित्र संमेलन ही या मंडळींची जत्रा. या पिढ्यांनी नकाशे काढले, वाटा लिहून ठेवल्या, अपघात झाले तेव्हा स्ट्रेचर खांद्यावर घेतलं. त्यांच्याकडून नवख्याने घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रकाचा धाक. शेवटची गाडी चुकली तर रात्र फलाटावर जाते, हे ठाऊक असलेला माणूस माथ्यावर उगाच रेंगाळत नाही. आता घरापासून पायथ्यापर्यंत मिनीबस मिळते, त्यामुळे तो धाक गेला. त्याची जागा शिस्तीने भरून काढावी लागते.

सह्याद्रीची ठेवण समजली तर ही शिस्त सोपी जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. पुढे पावसाने ते कोरून काढले. कठीण थराचा उभा कडा उरला, मऊ थर झिजून उताराचा किंवा सपाटीचा पदर झाला. त्यामुळे आपल्याकडचा डोंगर एकसारखा चढत नाही. गावामागचं टेपाड, मग सोंडेवरचा दमवणारा चढ, मग झाडीतला पदर, मग कड्याच्या पोटातून आडवी वाट, आणि शेवटी एखाद्या नाळेतून किंवा कातळपायऱ्यांनी माथा, असा क्रम पुन्हा पुन्हा भेटतो. पदरात पोचल्यावर "झालं, आता थोडंच राहिलं" असं वाटतं, आणि नवख्याचा हिशोब नेमका तिथेच चुकतो, कारण सर्वांत खडा टप्पा पुढे असतो. ढोरवाटा जास्तीत जास्त पदरातच फुटतात, त्यामुळे वाटही बहुधा तिथेच हरवते. या दगडाचं दर्शन घ्यायला लांब जायला नको. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच काळातल्या लाव्ह्याची आहे. इमारतींच्या गर्दीत उभे असलेले तिचे बसाल्टचे खांब एकदा जाऊन बघाच.

आता परतीचा हिशोब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा आडाखा दिला. सपाटीवर तासाला तीन मैल, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर, आणि वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. समजा, चार किलोमीटरची वाट आहे आणि चढाई दोन हजार फुटांची. नेस्मिथच्या हिशोबाने पावणेदोन तास होतात. पण त्याचा माणूस थंड हवेतला आणि सरावाचा. आपल्याकडचं ऊन, दमट हवा, घसारा आणि नवखे पाय धरून चढायला तीन तास आणि उतरायला दोन तास मांडा. उतरायला वेळ लागत नाही हा गैरसमज आहे. चढताना दम लागतो म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, पण मांड्या थकलेल्या असतात, गुडघे कुरकुरतात, आणि मुरमावरून पाय सुटतो तो याच वेळी.

हे आकडे घेऊन संध्याकाळकडून सकाळकडे मोजत या. संध्याकाळी पाचला स्टेशनवर हवे असाल तर चारला पायथ्याचं गाव गाठलं पाहिजे. उतरायला दोन तास आणि अर्धा तास हाताशी, म्हणजे दीड वाजता माथा सोडायचा. वर तासभर बसायचं तर साडेबाराला पोचायला हवं आणि साडेनऊला चालायला सुरुवात व्हायला हवी. साडेनऊला पायथ्याशी पोचायचं म्हणजे चारकोपहून किती वाजता निघायचं, हे प्रत्येकाने आपापल्या गाडीप्रमाणे मांडावं. यातली सर्वांत महत्त्वाची वेळ म्हणजे दीड. घड्याळात दीड वाजला की माथा अगदी समोर दिसत असला तरी मागे फिरायचं. ही वेळ घरी बसून, डोकं थंड असताना ठरवायची, गटातल्या प्रत्येकाला सांगायची आणि घरच्यांनाही लिहून द्यायची. वर गेल्यावर ठरवू म्हणणारा माणूस वर गेल्यावर काहीच ठरवत नाही. पाण्यालाही हाच नियम. दिवसभराच्या चालीला माणशी अडीच-तीन लिटर घ्या. अर्धं संपलं आणि तरी माथा दूर असला, तर तो मागे फिरण्याचा इशारा समजा.

पाया घालायचा तो घराजवळच. पहिले काही रविवार फक्त चालायची सवय करण्यात घालवावेत. गोराई जेट्टीवरून बोटीने पलीकडे जा आणि मनोरीच्या बाजूला चालत सुटा. सगळा रस्ता सपाट आहे, पण पायात नेमके कोणते बूट चावतात ते इथेच कळतं. आठवड्यात अधूनमधून इमारतीचा जिना चढा-उतरा. उतरणं टाळून लिफ्टने खाली येऊ नका, कारण सराव उतरण्याचाच हवा असतो. त्यानंतर बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल आपल्या दाराशी आहे आणि आपण तिथे बहुधा शाळेच्या सहलीनंतर गेलेलो नसतो. मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता सहा-सात किलोमीटरचा. बस मिळते, पण एकदा तरी चालत जा आणि चालतच या.

कान्हेरी ही नवख्याची शाळा आहे. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि लेण्यालेण्याबाहेर खडकात खोदलेली पाण्याची टाकी, पावसाचं पाणी त्यांत वळवणारे पाट, कातळात कोरलेल्या पायऱ्या. पुढे गडांवर जे जे भेटणार, ते सगळं इथे निवांत पाहता येतं. चैत्यगृह पाहून परतू नका, पायऱ्यांनी वरच्या लेण्यांपर्यंत चढा. पायाचा पूर्ण तळवा पायरीवर टेकवणं, श्वास तुटणार नाही अशा संथ चालीने चढत राहणं, उतरताना गुडघे किंचित वाकवून पावलं छोटी टाकणं, हे सगळं इथे जमवता येतं. उद्यान सोमवारी बंद असतं. शिलोंड्यासारख्या आतल्या वाटांवर परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जायचं. इथे बिबटे आहेत आणि ते त्यांचं घर आहे, म्हणून दार बंद व्हायच्या आत बाहेर पडायचं. परतीची वेळ पाळायचा पहिला धडाही असा इथेच मिळतो.

यानंतर पश्चिम रेल्वेच्या वाटेवरचे डोंगर. विरारला जीवदानीच्या पायऱ्या भाविकांच्या गर्दीतून चढायच्या. वाट चुकायची भीती नाही, खायला-प्यायला मिळतं, आणि आपली दमछाक किती होते याचा खरा अंदाज येतो. मग सफाळ्याजवळचा तांदूळवाडी आणि पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीजवळचा काळदुर्ग. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते आणि बोरिवलीहून ती पकडता येते, म्हणून चारकोपच्या माणसाला कर्जत-कसाऱ्यापेक्षा हे डोंगर सोयीचे. विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीची गाडी कुठली आणि तिच्यानंतरची किती वाजता, हे कागदावर लिहून खिशात ठेवा. तांदूळवाडीच्या माथ्यावर खोदीव टाक्यांचा मोठा समूह आहे. कान्हेरी पाहून गेलेल्याला तो वेगळ्याच नजरेने दिसतो. पाय रुळले की आसनगावचा माहुली आणि राजमाची. अंतर आणि चढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे राजमाची फार चांगलं शिकवतो. लोणावळ्याहून गेलात तर पंधरा-सोळा किलोमीटरची लांबलचक, बरीचशी सपाट वाट. कर्जतकडच्या कोंदिवड्याहून गेलात तर अंतर कमी, पण चढ अंगावर येतो. कळसूबाईच्या शिड्या आणि हरिहरच्या पायऱ्या त्यानंतर. डोंगर कुठे पळून जात नाहीत.

ऋतूबद्दल एक अप्रिय गोष्ट लिहायलाच हवी. नवख्याला डोंगराची ओढ लागते ती पावसाळ्यात, आणि सुरुवातीला सर्वांत वाईट काळ तोच. कातळावर शेवाळ धरतं, धुक्यात वाट दिसत नाही, सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा दुपारी छातीएवढा होऊन परतीची वाट अडवतो. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्या वाडीत चहा पिऊन गडावर जाणारे अनेक भटके मुंबईत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदलेल्या लोकांना जो डोंगर दगा देतो, तो रविवारच्या पाहुण्याची काय पत्रास ठेवणार? पावसाळ्यात काही गड आणि धबधबे बंद ठेवायचे आदेश जिल्हा प्रशासन काढतं, ते वाचा आणि पाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुरुवातीचा काळ. ऑक्टोबरचं ऊन फसवं, गवत माणसाएवढं. मार्चनंतर टाकी आटतात आणि कातळ तापतो. तेव्हा जायचंच तर पहाटे चढून सकाळीच खाली उतरायचं.

सामानावर फार पानं खर्च केलेली नाहीत. खाली खोल खाचा असलेले, वापरून सैलावलेले बूट; पायाची नखं कापलेली, कारण उतरताना बोटं बुटावर आपटतात. जीन्स नको, ओली झाली की सुकत नाही. सॅक दोन्ही खांद्यांवर, हात मोकळे. विजेरी दिवसाच्या चालीलाही हवी. शिट्टी, ओआरएसची पाकिटं, स्वतःची नेहमीची औषधं, मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा. खायला घरचंच बरं. भाजी घालून केलेली चपातीची गुंडाळी, गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असेल तर अत्तर, धूर आणि आरडाओरड तिन्ही टाळा. फुरसं आणि घोणस दगडाच्या आडोशाला असतात, म्हणून न पाहता कपारीत हात घालू नका. साप चावला तर चिरा देणं, रक्त चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता माणसाला शांत ठेवून, चावलेला अवयव न हलवता, दवाखान्यात न्यायचं. अडचणीत ११२ क्रमांक आहे, आणि महाराष्ट्रात गिर्यारोहकांनीच उभं केलेलं बचाव समन्वय केंद्रही आहे. पण मदतही पायीच वर येते आणि तिला तास लागतात, हे ध्यानात असू द्या.

सोबत कुणाची, हा मोठा प्रश्न. एकटं जाऊ नये, आणि पन्नास जणांच्या जथ्यातही जाऊ नये. दोन्हीकडे तुमच्याकडे पाहणारं कुणी नसतं. पैसे भरून ट्रेकला जात असाल तर आयोजकाला चार प्रश्न विचारा. गटात किती जण, त्यांच्यामागे लीडर किती? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलंय? मागे फिरायची वेळ कोणती? एखाद्याला मध्येच परतावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण येणार? शेवटच्या दोन प्रश्नांना तत्काळ उत्तर आलं नाही तर पैसे भरू नका. जुन्या संस्थांमध्ये खर्च कमी आणि शिस्त जास्त असते. तिथे थोडं ओरडून घ्यावं लागतं, ते सोसा.

आणि गावकरी. ज्या मळलेल्या वाटेवरून आपण जातो ती ट्रेकसाठी पडलेली नाही. लाकूडफाटा आणणाऱ्या बायांनी, गुरं नेणाऱ्या पोरांनी, वरच्या देवीला नारळ घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी ती रोज चालून राखली आहे. वाट विचारताना "दादा", "मावशी" म्हणून थांबून विचारा. "किती वेळ लागेल?" याला मिळणारं "हे काय, अर्ध्या तासात" हे उत्तर त्यांच्या पायांचं असतं, तुमच्या पायांसाठी त्याची तिप्पट करा. वाटाड्या घेतलात तर मजुरी आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. जेवण गावात सांगा; पिठलं-भाकरीचे पैसे त्या घरात राहतात. भाताच्या खाचरातून चालू नका, टाक्यात पाय बुडवू नका, कचरा परत घेऊन या. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, लोहगड, साल्हेर, शिवनेरीसह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. गर्दी आणखी वाढणार, आणि तिचा भार पायथ्याच्या गावांवरच पडणार.

पुस्तिकेची मांडणी अशी आहे: पहिल्या भागात घराजवळचा सराव, दुसऱ्यात वेळ आणि पाण्याचे हिशोब, तिसऱ्यात एका दिवसात करून येण्याजोग्या वाटा, चौथ्यात मुक्कामाची तयारी. प्रत्येक वाटेच्या माहितीत सर्वांत वर परतीचं वाहन दिलं आहे आणि गडाचा इतिहास त्याखाली. हा क्रम काही इतिहासप्रेमींना खटकेल. पण इतिहास घरी येऊनही वाचता येतो.

एक विनंती करून थांबतो. वर्षभर नेमाने चाललात तर तुमच्याच इमारतीतलं, तुमच्याच ऑफिसातलं कुणीतरी "मलाही घेऊन चला" म्हणेल. तेव्हा आपला दम दाखवायला पुढे धावू नका. जाणत्या गटात सर्वांत अनुभवी माणूस शेवटी चालतो, कारण मागे कुणी राहिलं तर ते त्यालाच कळतं, आणि मागे फिरायची वेळ झाली हे सांगायची जबाबदारीही त्याचीच असते. ती जागा घ्या. नव्या माणसाला माथा दिसला नाही तरी चालेल, पण तो हसतमुख घरी पोचला तर पुढच्या रविवारी स्वतःहून फोन करेल.

चारकोप, कांदिवली (पश्चिम)